सोंग घ्यावं, पण कुणाचं आणि कसं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, कोरियाची गाणी बुलडाणा जिल्ह्यात येऊन पोहोचली आहेत, ही काही आता बातमी राहिलेली नाही. खामगावच्या कॉलेजात जाणारी मुलगी असो की मोताळ्याहून एसटीनं बुलडाण्याला शिकवणीला येणारी, बीटीएस आणि ब्लॅकपिंक ही नावं तिला तोंडपाठ असतात. आमच्या पिढीला त्या गाण्यांतलं अक्षर कळत नाही, ठेका मात्र कळतो. मी शाळेत संगीत शिकवण्यात हयात घालवली. त्यामुळे हातातल्या मोबाइलवर काय वाजतंय, ते कुठून आलं आणि कुणाचं आहे, हे विचारायची सवय काही जात नाही.

हा प्रश्न २०२० साली आपल्याकडच्या बऱ्याच घरांत विचारला गेला. त्या वर्षी २६ जूनला ब्लॅकपिंक या चार मुलींच्या गटाचं नवं गाणं यूट्यूबवर आलं. त्यातल्या एका दृश्यात एक गायिका सिंहासनावर बसली आहे आणि खाली जमिनीवर, तिच्या आसनापाशी, गणपतीची मूर्ती ठेवली आहे. सजावट म्हणून, फुलदाणी ठेवावी तशी. भारतातल्या चाहत्यांनी हरकत घेतली. रागावणाऱ्यांत या गटावर जीव टाकणाऱ्या मुलीच जास्त होत्या. थोड्याच दिवसांत ती मूर्ती दृश्यातून पुसली गेली.

राग का आला, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मूर्ती आणली तर तिला पाट लागतो, अक्षता लागतात, तिची एक जागा असते. ती बसते त्या बाजूला आपण पाय करत नाही. मूर्ती ठेवणाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला हवी होती एक झगमगीत, पूर्वेकडची वाटणारी वस्तू. वस्तू त्यानं घेतली आणि तिच्यामागची माणसं तिथंच सोडून दिली.

या प्रकाराला मराठीत काय म्हणावं, यावर मी बरेच दिवस विचार केला. कुणी ‘सांस्कृतिक बळकावणूक’ म्हणतात. एका मित्रानं ‘उचलेगिरी’ हा शब्द सुचवला. शब्द सोपा आहे, ठसकेबाज आहे, पण मी तो वापरणार नाही. उचल्या ही एका आख्ख्या जमातीला चिकटवलेली ओळख आहे. लक्ष्मण गायकवाड यांनी त्याच नावानं आत्मकथन लिहिलं आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ते वाचलेला माणूस हा शब्द सहज तोंडावर आणणार नाही. दुसऱ्याच्या घरातल्या अपमानावर बोलताना आपल्या तोंडातले शब्दसुद्धा तपासावे लागतात, ते असे.

आता कोरियाची बाजू पाहू. १९५० ते ५३ या काळात तिथं युद्ध झालं. देश बेचिराख झाला आणि दक्षिणेत अमेरिकन सैन्याच्या छावण्या राहिल्या. त्या छावण्यांतल्या क्लबमध्ये गाऊन कोरियन कलावंत पोट भरू लागले. सैनिकांना आवडतील अशी अमेरिकन गाणी ते कानानं ऐकून, अर्थ न कळता, पाठ करायचे. ‘किम सिस्टर्स’ नावाच्या तीन मुली अशाच तयार झाल्या आणि १९५९ साली अमेरिकेत गेल्या. पुढे १९९२ मध्ये सो ताइजी या तरुणानं आपल्या दोन साथीदारांबरोबर रॅपचा बाज कोरियन भाषेत आणला आणि तिथल्या तरुणांना वेड लावलं. आजच्या कोरियन पॉपची इमारत त्या पायावर उभी आहे.

पण हा रॅप, हा हिपहॉप मुळात कुणाचा? न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या गरीब, कृष्णवर्णीय आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या वस्त्यांतल्या पोरांचा. १९७० च्या दशकात, पडक्या इमारतींच्या गल्ल्यांत, जुन्या तबकड्यांवर त्यांनी तो घडवला. ठेका घेताना त्याच्यासोबत कपडे आले, हातवारे आले, केसांच्या बारीक वेण्याही आल्या. त्या वेण्यांपायी अमेरिकेत कितीतरी काळ्या मुलींना शाळेतून घरी पाठवलं गेलं, कुणाच्या नोकरीवर गदा आली. केसांवरून भेदभाव करू नये म्हणून २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याला कायदा करावा लागला. एक गाणं होईपर्यंत त्या वेण्या घालून नंतर सोडून टाकणाऱ्या कलावंताला ही किंमत कधी मोजावी लागत नाही. दुखतं ते तिथं.

याहून दुखरी गोष्ट म्हणजे तोंडाला काळं फासून काळ्या माणसाचं सोंग आणणं. २०१७ च्या मार्चमध्ये मामामू या गटानं सोलमधल्या आपल्या कार्यक्रमात एक चित्रफीत दाखवली. एका अमेरिकन गायकाची नक्कल करण्यासाठी त्यांनी चेहरे गडद रंगवले होते. टीका झाली, माफी मागितली गेली. आपल्याला वाटेल, एवढं काय त्यात? नक्कलच तर आहे. पण अमेरिकेत या सोंगाला इतिहास आहे. १८३० च्या दशकात टी. डी. राइस नावाचा गोरा नट चेहरा काळा करून ‘जिम क्रो’ या नावानं एका वेड्याबागड्या काळ्या माणसाचं सोंग करायचा आणि प्रेक्षक हसून लोळायचे. पुढे काळ्यांना वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा नळ देणारे कायदे आले, तेव्हा त्या कायद्यांना लोक त्याच सोंगाच्या नावानं ओळखू लागले. ज्याच्यावर पिढ्यान्पिढ्या हसलो त्याला हक्क नाकारणं सोपं जातं, म्हणून हे हसणं साधं नसतं.

२०२० च्या ऑगस्टमध्ये सोलजवळच्या उईजोंगबू शहरातल्या एका शाळेत मुलांनी निरोपाच्या छायाचित्रासाठी असंच तोंड काळं केलं. घाना देशातल्या, शवपेटी खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या माणसांची चित्रफीत तेव्हा जगभर फिरत होती, तिची ती नक्कल होती. कोरियात राहणारा, तिथल्या दूरचित्रवाणीवर लोकप्रिय असलेला सॅम ओकेरी हा घानाचाच माणूस. त्यानं लिहिलं की आम्हा काळ्या लोकांना हे दुखावणारं आहे. झालं! लोक मुलांवर नाही, त्याच्यावरच तुटून पडले, आणि शेवटी माफी त्यालाच मागावी लागली. लागलं ज्याला, माफीही त्यानंच मागायची. हा उलटा न्याय लक्षात ठेवा, पुढे आपल्या गावात तो पुन्हा भेटणार आहे.

आपल्यावरही त्यांनी गाणं केलं आहे, बरं का. नोराजो नावाच्या जोडीनं २०१० साली कढी-रश्श्यावर एक विनोदी गाणं काढलं. त्यात योग, ताजमहाल आणि रस्सा यांची खिचडी करून भारत उभा केला होता. दहा वर्षांनी दुसऱ्या एका गटाच्या मुलांनी ते गमतीनं गुणगुणलं, तेव्हा भारतीय चाहत्यांनी जाब विचारला आणि मूळ गायकानं माफी मागितली. परदेशात शिकणाऱ्या, ‘कढीचा वास येतो’ म्हणून चिडवल्या गेलेल्या आपल्या मुलांना विचारा, ते गाणं गमतीचं होतं का.

यावरून कोरियन माणूसच वाईट, असा निष्कर्ष कुणी काढू नये. स्वतःचं कुणी बळकावलं की काय वाटतं, हे त्यांच्याइतकं कमी लोकांना माहीत असेल. १९१० ते १९४५ ही पस्तीस वर्षं तिथं जपानचं राज्य होतं. शाळांतून त्यांची भाषा हद्दपार झाली, १९४० पासून जपानी वळणाची नावं घेण्याची सक्ती झाली. २०२२ च्या फेब्रुवारीत बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात एक स्त्री ‘हानबोक’ हा कोरियन पोशाख घालून चीनच्या झेंड्यामागे उभी राहिली. ते पाहून दक्षिण कोरियात केवढा संताप उसळला! चीनचं म्हणणं होतं, आमच्या देशात कोरियन वंशाचे लोक आहेत, हा त्यांचाही पोशाख आहे. त्यातही तथ्य होतंच. पण आपला पोशाख दुसऱ्याच्या मांडवात पाहून कोरियन माणसाच्या पोटात कालवाकालव झाली, ती खरी होती.

मग ज्याला स्वतःची जखम कळते त्याला दुसऱ्याची का कळत नाही? मला याचं कारण साधं दिसतं. जखम माणसाला होते, आणि दुसऱ्याची संस्कृती आपल्यापर्यंत येते ती माणसाशिवाय. पडद्यावरून येते, कपडेपटातून येते, ठेक्यातून येते. समोर माणूसच नाही, तर त्याचं दुखणं दिसणार कुठून?

आणि आता मी सोलहून थेट आपल्या जिल्ह्यात येतो. डिसेंबर-जानेवारीत तेराही तालुक्यांत शाळांची स्नेहसंमेलनं होतात. कार्यक्रमपत्रिकेत एक नाच हमखास असतो, ‘आदिवासी नृत्य’. पोरांची तोंडं आणि अंग काजळानं नाहीतर कोळशाच्या पुडीनं काळं करायचं, कमरेला आंब्याचा किंवा अशोकाचा पाला बांधायचा, डोक्यात कोंबडीची पिसं खोचायची, हातात भाला द्यायचा आणि ‘झिंगालाला’ ओरडत आगीभोवती फिरवायचं. पालक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. कुणाच्या मनात वाईट नसतं. उईजोंगबूच्या पोरांच्या तरी मनात कुठं होतं?

हा नाच नक्की कुठल्या आदिवासींचा? जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी, आपलेच कोरकू, भिल्ल, भिलाला, निहाल राहतात. त्यांच्यात असा नाच नाही. कोरकूंचं गदली-सुसुन पाहा. बायका एकमेकींच्या हातात हात गुंफून गदली धरतात, पुरुष सुसुन नाचतात. सोबत ढोल आणि बासरी. पावलं एकसंध, लय संथपणे चढत जाणारी. संगीताचा मास्तर म्हणून सांगतो, आमच्या गॅदरिंगमधल्या धांगडधिंग्यापेक्षा ती लय धरणं कितीतरी अवघड आहे. त्यात पाला नाही, भाला नाही आणि ‘झिंगालाला’ हा शब्द तर कुठल्याच आदिवासी भाषेतला नाही. तो हिंदी सिनेमावाल्यांनी पसरवलेला आवाज आहे.

भाषेवरून आठवलं. निहाल लोकांची निहाली ही भाषा जगातल्या मोजक्या एकट्या भाषांपैकी आहे. मराठी ही संस्कृतच्या कुळातली, कोरकू ही मुंडा कुळातली, पण निहालीला सख्खं भावंड सापडत नाही. कायपर या डच अभ्यासकानं १९६२ साली तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार, आणि त्यांतले बरेच आपल्या जळगाव जामोदच्या परिसरात. गंमत पाहा, कोरियन भाषेलाही बरेच अभ्यासक अशीच एकटी भाषा मानतात. ती एकटी भाषा आपल्या पोरी यूट्यूबवरून शिकतात, तिची लिपी वहीच्या मागच्या पानावर गिरवतात. चांगलंच आहे ते. मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एकट्या भाषेचं नावही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत मला पेटी वाजवायला बोलावलं होतं. गाव आणि शाळा सांगत नाही. तालमीच्या वेळी आदिवासी नाचाचा गट उभा केला होता. वर्गात पायथ्याकडून आलेला, नातेवाइकांकडे राहून शिकणारा एक मुलगा होता. बसवणाऱ्या बाई कौतुकानं म्हणाल्या, “अरे, तू पुढे हो. तुला तर येतच असेल.” पोरगं पुढे आलं, बाकीच्यांच्या उड्या थोडा वेळ पाहिल्या आणि हळूच म्हणालं, “मॅडम, आमच्याकडे असं नाई नाचत.” सगळा गट हसला. बाई म्हणाल्या, “अरे, स्टेजपुरतं असतं ते, एवढं मनाला लावून घेऊ नये.” कार्यक्रमाच्या दिवशी तो मुलगा गटात नव्हता, मांडवाच्या अगदी मागे उभा होता. त्याच्या वर्गमित्रांनी त्याच्या आजोबांचं सोंग आणलं होतं, गावानं त्यावर हसून घेतलं होतं, आणि शब्द बोलला म्हणून समजूतदारपणा शिकायची पाळी त्याच्यावरच आली होती. सॅम ओकेरीचं आणि या पोराचं दुखणं मला एकच वाटतं.

दुसरं उदाहरण बंजारा पोशाखाचं. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागांत तांडे आहेत. फेटिया, काचळी, आरशांचं भरतकाम, कोपरापासून वरपर्यंत बळिया, ही जुन्या याडीची ओळख. हिंदी सिनेमाला तो वेश भारी आवडला. १९९१ साली ‘बंजारन’ नावाचा चित्रपटही आला. आज शहरांतल्या दुकानांत ‘बंजारा लूक’ म्हणून तशा पिशव्या, ओढण्या महागात विकल्या जातात. पण इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि भटक्या जमातींच्या कपाळावर जन्मतःच शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, लोकांची नजर गेली नाही. बाजारच्या दिवशी फेटिया घालून आलेल्या बाईकडे लोक टक लावून पाहत, दुकानदार हात आखडता घेई. त्या नजरेपायी कितीतरी लेकींनी तो वेश पेटीत ठेवून साडी धरली. म्हणजे जिचा पोशाख, तिला तो घालायची लाज वाटायला लावली, आणि जिचा नाही ती मिरवते आहे. कर्नाटकातल्या सांडूरच्या लंबाणी बायकांच्या भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. नाव त्यांचं आणि पैसाही त्यांच्या हाती, अशी वाट असू शकते.

तिसरं उदाहरण लावणीचं. विठाबाई नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या, तेव्हा शेवटच्या आजारपणात उपचारांच्या पैशांसाठी ओढाताण झाली होती. लावणी मात्र तेव्हाही सिनेमात, कॉलेजात, लग्नाच्या हळदीत जोरात होती. कला आपण उचलून घरात आणली, कलावंत बाईला उंबऱ्याबाहेर ठेवलं.

यावर एक रास्त शंका येते. मग काय, कुणी दुसऱ्याचं काही घ्यायचंच नाही? ब्राह्मणानं लावणी लिहू नये, मराठी पोरीनं कोरियन गाणं म्हणू नये? असं म्हणणाऱ्याच्या पंगतीला मी बसणार नाही. माझी पेटीच मुळात युरोपातून आली. ती कीर्तनात, भजनात बसली आणि आपली झाली. भास्करबुवा बखले यांनी १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’ला ज्या चाली दिल्या, त्यांच्यामागे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्यासारख्या उस्तादांची तालीम होती. बुवांनी चाल चोरली नाही. घर सोडलं, पायाशी बसले, सेवा केली, शिकले. घेणं आणि ओरबाडणं यांतला फरक तिथं दिसतो. कोरियातही असं घडलं आहे. २०२० साली अमेरिकेत काळ्यांच्या हक्कांचं आंदोलन पेटलं, तेव्हा बीटीएसनं त्यासाठी दहा लाख डॉलर दिले आणि त्यांच्या चाहत्यांनी तेवढेच गोळा करून घातले. ज्यांच्या ठेक्यावर आपण उभे आहोत, त्यांच्या संकटात उभं राहणं हीसुद्धा परतफेड आहे. २०२२ मध्ये ओडिशाची श्रेया लेंका ब्लॅकस्वान या कोरियन गटात दाखल झाली. पडद्यावर भारताचं सोंग नको, भारताची मुलगीच आली.

सोंगाचं वावडं तर आपल्या परंपरेला कधीच नव्हतं. एकनाथांनी भारुडांत वासुदेवाचं, गोंधळ्याचं, जोशाचं सोंग घेतलं, महाराच्या तोंडून जोहार घातला. पण नाथांच्या सोंगातला तो माणूस शहाणा आहे. ज्ञान तो सांगतो आणि ऐकणाऱ्याला खाली मान घालायला लावतो. सोंगानं त्या माणसाची उंची वाढते. गॅदरिंगमधल्या झिंगालालानं ती कमी होते. कुठलंही सोंग तपासायला मी हीच पट्टी लावतो. ज्याचं सोंग आहे, तो माणूस पहिल्या रांगेत बसला असता तर मला ते करवलं असतं का?

आणि दुसऱ्याला ही पट्टी लावताना स्वतःलाही लावावी. गणपतीच्या मूर्तीवरून आपण रागावलो, त्याच वर्षी एका हिंदी चित्रपटाच्या गाण्यात गोरेपणाची फुशारकी मारायला एका कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेचं नाव ओढून आणलं होतं. ओरड झाली म्हणून शब्द बदलले. गोरं करणाऱ्या एका नामवंत क्रीमनं आपल्या नावातला ‘फेअर’ शब्द काढला, तोही त्याच वर्षी. काळ्या रंगाचं हसं करण्यात आपण कोरियाच्या मागे नाही.

तेव्हा शिक्षक मंडळींना माझं सांगणं आहे. आदिवासी नाच जरूर बसवा. पण कुठल्या जमातीचा, ते नाव कार्यक्रमपत्रिकेत छापा. संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या एखाद्या ढोलवाल्या मामांना, नाच शिकवणाऱ्या मावशींना तालमीला बोलवा. त्यांना जाण्यायेण्याचं भाडं आणि शिकवण्याचं मानधन द्या, डेकोरेशनवाल्याला देता तसंच. तोंडाला काळं फासू नका. आणि एखादं पोर म्हणालं, ‘आमच्याकडे असं नाई नाचत,’ तर तालीम थांबवा आणि त्याला विचारा, ‘मग कसं नाचतात रे? दाखव बरं.’ त्या दिवशीचा गुरू तोच.